'प्रत', 'नक्कल' आणि 'तसबीर'

प्रश्न : रविवर्म्याच्या लक्ष्मीचा एक जुना छाप आमच्या घरी आहे. त्याविषयी लिहिताना 'प्रत' म्हणावे, 'नक्कल' की 'प्रतिकृती'? तिन्ही शब्द समानार्थी दिसतात, पण एकही नेमका बसत नाही.

उत्तर : 'नक्कल' हा शब्द दफ्तरातला आहे. जुन्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मूळ कागदाप्रमाणे केलेली नक्कल, असा शेरा असे आणि कचेरीतून आजही 'खरी नक्कल' मिळते. म्हणजे अस्सल कागद कुठेतरी असल्याखेरीज नक्कल संभवत नाही. 'प्रतिकृती' म्हणजे पुन्हा घडवलेली वस्तू, जशी किल्ल्याची.

'प्रत' मात्र मला फार बोलका शब्द वाटतो. पोथीची प्रत असते, तसा उत्तम प्रतीचा तांदूळही असतो. पोथी हाताने उतरवली जाई तेव्हा लेखनिक बदलला की अक्षर बदले, एखादी ओळ गळे, मजकुराचा पाठ बदले. त्यामुळे 'कोणती प्रत' या प्रश्नात 'कोणत्या दर्जाची' हेही आपोआप येत असे. हे मी व्युत्पत्ती म्हणून नव्हे, वापर पाहून म्हणतो आहे.

रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून तेथे छापलेल्या देवादिकांच्या चित्रांचे मूळ तैलचित्र विकत घेणाऱ्याने बहुधा कधीच पाहिलेले नसे, त्यामुळे हातातले चित्र त्याला नक्कल वाटण्याचे कारणच नव्हते. त्याने तिला 'तसबीर' म्हटले, चौकटीत बसवले, हार घातला. काही घरांत तर छापील लक्ष्मीच्या लुगड्यावर खरी जर आणि टिकल्या शिवून ती नटवलेली दिसते, आणि मग त्याच दगडांवरून निघालेल्या दोन तसबिरी एकसारख्या उरत नाहीत. तुमच्या छापाला 'छापील तसबीर' हाच शब्द शोभेल.

पुरवणी : दादासाहेब फाळक्यांनीही रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले होते; 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वीच एका चित्राची अनेक चित्रे करण्याची विद्या त्यांच्या हाताखालून गेली होती. सिनेमाने 'प्रिंट' हा शब्द रूढ केला, आणि त्यात पोथीच्या प्रतीचा गुण पुन्हा उतरला. शहरात नवी प्रिंट लागे. तीच गावोगावच्या तंबूंतून फिरून येईपर्यंत तिच्यावर रेघा पडत, तुटलेली फीत जोडताना काही चौकटी गळत आणि गाण्याच्या मध्येच नायिका एकदम दोन पावले पुढे गेलेली दिसे. 'प्रिंट खराब आहे' असे प्रेक्षक म्हणत, चित्रपट खराब आहे असे नव्हे.

आता संगणकावरच्या चित्रपटाविषयी आपण 'चांगल्या क्वालिटीची कॉपी' असे म्हणतो. 'चांगल्या प्रतीची प्रत' हे कानाला खटकते, म्हणून एका मराठी शब्दाच्या जागी दोन परके शब्द आले आहेत.