हाऊस ऑफ कीज: किल्ल्या, चाव्या की चोवीस?

मृद्गंध:
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय. शाळकरी मुलांसाठी जगातल्या छोट्या बेटांची माहिती देणारं पुस्तक मराठीत करतेय, त्यात आइल ऑफ मॅनचं पान आलंय. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं बेट, वस्ती सुमारे ८४ हजार, राजा ब्रिटनचाच पण बेट युनायटेड किंगडममध्ये धरत नाहीत, संसद स्वतःची, तिचं नाव टिनवल्ड. तिच्या दोन सभागृहांपैकी खालचं ते हाऊस ऑफ कीज. मी सरळ 'कनिष्ठ सभागृह' लिहिलं आणि पुढे 'म्हणजे किल्ल्यांचे सभागृह'. संपादकबाईंनी दोन्हीवर काट मारली. त्यांचं म्हणणं, 'किल्ल्यांचे' वाचून पोरांना रायगड-सिंधुदुर्ग आठवणार, आणि ते खरंच आहे, किल्ला काय नि किल्ली काय, 'किल्ल्यांचे' हे रूप दोघांचं एकच. पण मला जास्त छळतोय तो 'कनिष्ठ'. तिथले २४ सदस्य थेट लोकांमधून येतात, १२ मतदारसंघ आणि प्रत्येकातून दोन. वरच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमधले आठ सदस्य हे चोवीसजणच मत देऊन पाठवतात. २०२१ मध्ये मुख्यमंत्रीसुद्धा ह्यांनीच निवडला. मग कनिष्ठ कुठल्या अर्थाने? दुसरा शब्द सुचवा प्लीज.

खडूफळा:
ताई, कनिष्ठच ठेवा. नागरिकशास्त्रात मुलं हाच शब्द शिकतात. लोकसभेला पण आपण कनिष्ठ सभागृह म्हणतो आणि सरकार तीच पाडते. विधान परिषदेचे एक तृतीयांश आमदार विधानसभेचे आमदारच निवडतात, म्हणजे हा प्रकार मुलांना घरचाच आहे. प्रत्येक ठिकाणी नवा शब्द काढला तर पोरांना तुलना कशी करता येणार?

दर्यावर्दी:
कनिष्ठचं तुम्ही बघा, पण किल्ल्यांच्या जागी 'चाव्यांचे सभागृह' लिहा की, गडकोटांचा घोळच संपला. आमच्या वेंगुर्ल्याकडे चावीच म्हणतात, किल्ली फक्त घड्याळाला.

अनुस्वार:
दर्यावर्दी, चावी हा शब्द पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आलाय. किल्ली आपली, कील म्हणजे खुंटी, पाचर, त्यावरून. मुलांच्या पुस्तकात तरी घरचा शब्द जाऊ द्या. एक शब्द सोडला की त्याच्या मागचं सगळं कुटुंब जातं, आज किती मुलांना 'कीलक' माहीत आहे?

दर्यावर्दी:
मग कुलूप कुठलं हो? अरबी 'कुफ्ल'ची अक्षरं मागेपुढे होऊन झालेलं. किल्लासुद्धा अरबीच. बटाटा, पाव, पगार, घमेलं पोर्तुगीज. माझी आजी दर संध्याकाळी 'चावी खंय ठेवलंस' म्हणून घर डोक्यावर घ्यायची, तिच्या तोंडचा शब्द परका कसा काय? चारशे वर्षं झाली राहायला येऊन.

अनुस्वार:
परका म्हटलं नाही, उसना म्हटलं. आणि उसनं घेतलेलं चारशे वर्षांनी आपलं होतं हे मला मान्य आहे, पण जिथे आपल्याकडे दोन शब्द आहेत तिथे आपला आधी.

लव्हाळी:
मी काही वर्षं डग्लसमध्ये, म्हणजे आइल ऑफ मॅनच्या राजधानीत, नोकरीला होते, म्हणून मध्ये बोलते. तिथे 'कीज' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यापुढे किल्ली येत नाही, 'द कीज मंगळवारी बसतायत' असं सहज बोलतात, आणि सदस्याला एमएचके, म्हणजे मेंबर ऑफ द हाऊस ऑफ कीज. पण मँक्स भाषेत, म्हणजे बेटाच्या स्वतःच्या जुन्या भाषेत, ह्या सभागृहाचं नाव वेगळंच आहे, 'कियर अस फीड'. कियर म्हणजे चार, अस म्हणजे आणि, फीड म्हणजे वीस. चार आणि वीस! आपलं चोवीस अगदी त्याच क्रमाने बनलंय, आधी चार मग वीस. आणि शब्दही लांबचे नातेवाईक आहेत, संस्कृतातल्या चत्वारः आणि विंशतिः ह्यांच्याच घराण्यातले. कीज हे 'कियर अस'चं इंग्रजांच्या कानाने केलेलं रूप असावं असं एक मत आहे. दुसरं मत, 'निवडलेले' अशा अर्थाच्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतल्या, शब्दावरून. म्हणून मी म्हणेन सरळ 'चोवीसांचे सभागृह' लिहा, किल्ल्या-चाव्या दोन्ही गेल्या.

मृद्गंध:
लव्हाळी, अंगावर काटा आला. चोवीस! हे तर मुलांना पण आवडेल.

पानगळ:
थांबा, किल्ली एवढ्यात टाकू नका. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लॅटिन कागदात ह्या लोकांना 'क्लाव्हेस' म्हटलंय, मॅनच्या किल्ल्या आणि कायद्याच्या किल्ल्या. कारण त्या काळी हे लोक नुसते कायदे करणारे नव्हते. कायदा लिहिलेला नव्हता, भांडण आलं की तिथला न्यायाधीश, ज्याला डीम्स्टर म्हणतात, ह्या चोवीस जाणत्यांना विचारायचा की ह्या बाबतीत आपला कायदा काय सांगतो, आणि ते सांगायचे. आता मराठी 'किल्ली' आठवा. आमच्या लहानपणी गणिताची किल्ली मिळायची, सगळी उत्तरं सोडवून दिलेली. 'यशाची किल्ली' म्हणतो. कोड्याचं उत्तर देणारी ती किल्ली, हा अर्थ चावीला नाही आणि चोवीसला तर नाहीच. इतका नेमका शब्द हातात असताना नुसती संख्या का लिहायची?

अनुस्वार:
पानगळ, शतशः अनुमोदन.

दर्यावर्दी:
'यशाची गुरुकिल्ली' म्हणतात हो, किल्ली नाही. आणि 'सत्तेच्या चाव्या हातात' हे पेपरात रोज येतं, त्याचं काय? सभागृहाच्या हातात सत्तेच्याच चाव्या असतात ना?

लव्हाळी:
पानगळ यांचं म्हणणं जुन्या कीजला लागू आहे, आजच्या नाही. जुने कीज लोकांनी निवडलेले नसायचेच. एखादी जागा रिकामी झाली की उरलेले सदस्य दोन नावं पाठवायचे आणि गव्हर्नर त्यातलं एक घ्यायचा, बहुतेक आयुष्यभरासाठी. अपिलाचं कोर्ट म्हणूनही तेच बसायचे. १८६४ मध्ये जेम्स ब्राउन नावाच्या पेपरच्या संपादकाने त्यांच्यावर कडक टीका केली तर त्यांनी अवमान झाला म्हणून त्याला तुरुंगात घातलं, आणि शेवटी लंडनच्या कोर्टाने त्याला सोडवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, निवडणुकीचा कायदा झाला आणि कोर्टाचं काम त्यांच्याकडून गेलं. म्हणजे कायद्याची किल्ली ठेवणारे गेले आणि लोकांचे चोवीस आले. १८८१ मध्ये तर त्यांनी मालमत्ता नावावर असलेल्या अविवाहित आणि विधवा बायकांना मत दिलं, लंडनच्या कितीतरी आधी. २००६ पासून मताचं वय सोळा. हा इतिहास माझ्यासाठी त्या नावापेक्षा मोठा आहे, आणि तो मुलांना कळावा असं फार वाटतं.

खडूफळा:
सोळाव्या वर्षी मत! हे मी उद्याच वर्गात सांगणार.

पानगळ:
पण २४ हा आकडा बदलला तर? उद्या सदस्य ३० केले तर 'चोवीसांचे' खोटं पडेल.

अनुस्वार:
ते मात्र अडणार नाही. आपल्याकडे पंच पाचच असतात का? नारायणरावांच्या खुनानंतर जो बारभाईंचा कारभार झाला त्यात माणसं मोजून बारा होती का, ह्याने कोणाचंच अडलं नाही. आकडा नाव झाला की तो मोजायचा नसतो.

दर्यावर्दी:
गोव्यात तर तालुकेच आकड्यांचे. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, बारदेश तर उघडच आहे. आज तिथे किती वाड्या नि किती गावं, कोण मोजतो! हा मुद्दा मी अनुस्वारांना देऊन टाकला. चोवीस चालेल, पण 'चोवीसांचे' नको, 'चोविशी' म्हणा. जैनांत तीर्थंकरांची चोविशी असते, तसा समूहाचा शब्द आहे.

लव्हाळी:
चोविशी सुंदर आहे! एक चित्र सांगते, पुस्तकात घेता आलं तर बघा मृद्गंध. ५ जुलैला सेंट जॉन्स गावात, मैदानात एक चार पायऱ्यांची हिरवी टेकडी आहे, तिच्यावर सगळी संसद उघड्यावर बसते. चर्चपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर लव्हाळे पसरतात, आणि सदस्यांच्या कोटाला दवण्याच्या जातीतल्या एका झाडाची डहाळी खोचलेली असते. वर्षभरात झालेले कायदे तिथे इंग्रजीत आणि मँक्समध्ये थोडक्यात वाचून दाखवतात. हा नुसता सोहळा नाही बरं का, कायदा अठरा महिन्यांत तिथे पुकारला गेला नाही तर त्याचा अंमल संपतो. कोणीही साधा माणूस तक्रारीचा अर्ज घेऊन टेकडीच्या पायथ्याशी जाऊ शकतो, मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला जाताना पाहिलंय, हातातला कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने छातीशी दाबून धरला होता.

मृद्गंध:
हे घेणारच! पण मंडळी, माझा मूळ प्रश्न 'कनिष्ठ'चा होता, तो तसाच राहिलाय. विधेयक बहुतेक कीजमध्येच मांडलं जातं, तीन वाचनं होतात, एकेक कलम तपासतात आणि मग वर जातं. महिन्यातून एकदा दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, पण मतं वेगवेगळी मोजतात. म्हणजे तिथे वर-खाली असं फारसं काही दिसतच नाही, ते लोकही त्यांना संसदेच्या दोन शाखा म्हणतात.

खडूफळा:
मग 'लोकनियुक्त शाखा' लिहा.

अनुस्वार:
'नियुक्त' म्हणजे नेमलेला. निवडून दिलेल्याला 'निर्वाचित'.

दर्यावर्दी:
सहावीतल्या पोराला निर्वाचित? 'लोकांची शाखा' म्हणा, संपलं.

पानगळ:
शाखा शब्दाचा महाराष्ट्रात वेगळा अर्थ आधी डोक्यात येतो, त्याचाही विचार करा.

लव्हाळी:
आणि मूळ नावच ठेवलं तर 'कीजने विधेयक मंजूर केलं' लिहायचं की 'कीजनी'? तिथले लोक अनेकवचनी बोलतात, आपण विधानसभेने म्हणतो.

अनुस्वार:
कीजनी. माणसं आहेत ती.

खडूफळा:
कीजने. सभागृह एकच आहे.