कुत्र्याला साप चावला, तोंड सुजलंय. काय देऊ? (तातडीचं)

शेतमाळी: शेतातल्या आखाड्यावरच्या कुत्र्याला साप चावलाय. तोंड फुगून एक डोळा बंद झाला, लाळ गळायलीय. गावात गुरांचा डॉक्टर नाही. घरात असलेलं काय देता येईल ते सांगा. लवकर.

गोदाकाठ: कोणता साप? किती वेळ झाला?

शेतमाळी: नाव विचारत बसू का सापाला? सोयाबीनच्या ढिगाखाली होता. कुकरच्या शिट्टीसारखा फुसकारत होता.

बालाघाटी: मग घोणसच. पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके होते का? डुरक्या घोणस साधारण तशीच दिसते, पण ती बिनविषारी. ती चावून असं तोंड फुगत नाही.

जुनाजाणता: कडुनिंबाचा पाला चारा. कडू लागला नाही तर विष चढलं समजा. वरून तूप पाजा. आमचा बैल असाच वाचला.

बालाघाटी: आबा, कडू लागलं का नाही हे कुत्रं सांगणार कसं? तूप अजिबात पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. तुमच्या बैलाला धामण चावली असेल.

जुनाजाणता: धामण का घोणस ते आम्हाला कळतं. तुम्ही पुण्यात बसून शिकवू नका.

बालाघाटी: मी गेवराईत आहे.

पशुवैद्य_निवृत्त: भांडण नंतर करा. शेतमाळी, हिरड्यांतून रक्त येतंय का? लघवी लाल आहे का? घोणसाच्या विषानं रक्त गोठत नाही आणि किडनीवर परिणाम होतो. घरगुती औषध काहीच नाही. माणसाला देतात तीच सर्पदंशाची लस कुत्र्यालाही चालते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच. सलाईनमधून द्यावी लागते. कुत्रं लहान म्हणून डोस कमी करायचा नसतो, कारण विष तेवढंच गेलेलं असतं. दुखण्यावरची डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. तालुका कोणता?

शेतमाळी: जिंतूर. हिरडीतून रक्त येयलंय. शेजारचे म्हणायलेत वर दोरी आवळून बांधा.

पशुवैद्य_निवृत्त: चावलंय तोंडाला. दोरी काय गळ्याला बांधणार? चिरू नका, बर्फही लावू नका. गळ्यातला पट्टा आधी काढा, सूज खाली गळ्यापर्यंत पसरते. 1962 ला, म्हणजे जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरला, फोन लावा. गाडीला उशीर असेल तर सरळ परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय गाठा. निघतानाच फोन करून लस आहे का विचारा.

हिरवळ: घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडा, साप फिरकत नाहीत.

बालाघाटी: ते कोण विचारतंय? आणि त्यानं साप थांबतही नाहीत. ढिगाखालचे उंदीर संपवा, त्यांच्यामागं येतो तो.

शेतमाळी: पिकअप मिळाली, परभणीला निघालो. लस आहे म्हणाले. चालवत नेऊ का गाडीपर्यंत?

पशुवैद्य_निवृत्त: उचलून न्या, चाललं की विष लवकर पसरतं. आडवं ठेवा, तोंड बांधू नका. साप चावला कधी ते अजून सांगितलं नाही तुम्ही, तिथं पहिलं तेच विचारतील.

शेतमाळी: सकाळच्या भाकरी आल्या तेव्हा. नऊ-साडेनऊ.

गोदाकाठ: ढिगावर बाया कामाला असतील तर त्यांना आधी बाजूला करा. सर्पमित्र येईपर्यंत हात घालू देऊ नका.

शेतमाळी: भावाला सांगितलं.

जुनाजाणता: पाला सोबत घ्या तरी.