हवा, हवामान आणि हवापाणी

घोडबंदरकर: मुलगी सहावीत आहे, भूगोलात 'हवा व हवामान' हा धडा. चाचणीत तिने लिहिलं, 'आज ठाण्याचे हवामान ढगाळ आहे.' बाईंनी अर्धा गुण कापला. पुस्तकाप्रमाणे थोड्या वेळेपुरती असते ती 'हवा', आणि वर्षानुवर्षांची सरासरी म्हणजे 'हवामान'. सरासरी साधारण 30 वर्षांची धरतात, सध्या 1991 ते 2020 ची. हे पटलं. पण मग रोज बातम्यांत 'उद्याचं हवामान' सांगतात ते काय? आणि अंदाज देणारं खातं तर नावानेच हवामान खातं! पोरगी विचारते, खात्याचा पण अर्धा गुण कापायचा का?

ऐरोलीकर: बाईंचं बरोबर आहे. शब्दच फोडून बघा. 'हवा' अरबी, 'मान' संस्कृत, मान म्हणजे माप, प्रमाण. 'राहणीमान' म्हणजे आज रात्री काय जेवलात ते नव्हे. कोकणाचं 'पर्जन्यमान' आपण एका सरीवरून सांगत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, ती हवा. मुंबई-ठाण्याला पावसाळ्यातले चार महिने धो धो पाऊस असतो, हे हवामान.

कोपरीचे मास्तर (निवृत्त): ऐरोलीकर, 'तापमान' विसरलात. दुपारी दोन वाजता 36 अंश, हे त्या घटकेचंच की. तेव्हा नुसत्या 'माना'वर भिस्त ठेवू नका. उलट बाजूनेही घोळ आहे. माथेरानला आपण 'थंड हवेचं ठिकाण' म्हणतो. ती हवा काय एका दिवसाची असते? आजारातून उठलेला माणूस 'हवापालटाला' जायचा, तो काही पाऊस थांबला म्हणून नव्हे. पुस्तकातला फरक शास्त्राच्या सोयीसाठी आखलाय, आणि परीक्षेत तोच पाळावा. बोलीला मात्र त्याचं बंधन नाही.

माझ्या मते दुसऱ्या अर्थाचा अस्सल शब्द आपल्याकडे होताच : हवापाणी. 'तिकडचं हवापाणी मानवलं नाही.' हिंदीतला 'जलवायु' आणि फारसी वळणाचा 'आबोहवा' यांतही तीच जोडी, पाणी आणि हवा. हिंदीने रोजच्यासाठी 'मौसम' घेतला. आपण त्याचा 'मोसम' केला आणि आंब्याला लावला! मान्सूनही त्याच अरबी शब्दातून, पोर्तुगीजांच्या हातून आलेला.

ऐरोलीकर: तापमानाचं मान्य, मास्तर. मग 'वातावरण' कुठे बसवायचं? मंत्रालयात तर 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' आहे.

कोपरीचे मास्तर: भूगोलात वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं हवेचं आवरण. बदलतं ते हवामान, म्हणून मी 'हवामान बदल' म्हणेन. बाकी पावसाचं वातावरण होतं, लग्नघरातलं होतं, सोसायटीच्या मीटिंगमधलंही तापतं. त्या शब्दाला आधीच पुष्कळ कामं आहेत.

घोडबंदरकर: मुलीने वाक्य सुधारून आणलं, 'आज ठाण्याची हवा ढगाळ आहे.' आई गॅलरीत सादळलेले पापड चाचपत होती. म्हणाली, "हवा कुंद असते गं, दमट असते. ढगाळ कुठली? आभाळ आलंय म्हण की सरळ."