शब्दचर्चा : अधिक्रमण, अतिक्रमण की ग्रहण?

धंतोलीकर सर
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लिहितोय. विषय : छोट्या, थंड ताऱ्यांसमोरून जाणारे महाकाय ग्रह कसे सापडतात. 'ट्रान्झिट'ला मी 'अधिक्रमण' लिहिलं, टाइप करणाऱ्यानं त्याचं 'अतिक्रमण' करून टाकलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सर, हे सीताबर्डीच्या फुटपाथबद्दल आहे का?" आता 'संक्रमण' लिहू, की सरळ 'ग्रहण'?

महालची मास्तरीण
अधिक्रमणच ठेवा सर. 'अधि' म्हणजे वर, 'क्रमण' म्हणजे पावलं टाकत जाणं. ताऱ्याच्या बिंबावरून ग्रह चालत गेला. 'अति' आलं की हद्द ओलांडली, मग महापालिकेची गाडी येते. 8 जून 2004 ला शुक्राचं अधिक्रमण झालं तेव्हा आम्ही गच्चीवरून वेल्डिंगच्या काचेतून तो काळा ठिपका पाहिला होता. 'संक्रमण' नको. ते मकर राशीला बांधलेलं आहे, आणि हल्ली आपल्याकडे हिंदीच्या संगतीनं रोगाच्या संसर्गालाही तेच म्हणतात. आणखी एक खोच आहे : तारा याम्योत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो त्यालाही इंग्रजीत ट्रान्झिटच म्हणतात. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द आहे, याम्योत्तर लंघन. इथे मराठी जास्त नेमकी!

संत्रीवाला
ताई, तुमाले ठिपका दिसला, ठीक आहे. पण त्या दूरच्या ताऱ्याचं बिंबच दिसत नाही न. उजेड कमी झाला एवढंच कळते. मग काऊन नाही म्हणायचं ग्रहण?

महालची मास्तरीण
भाऊ, प्रश्न चांगला काढला. फरक मापाचा आहे. समोरचं बिंब मागच्यापेक्षा बरंच लहान असेल तर अधिक्रमण, दोन्ही जवळपास सारखी दिसत असतील तर ग्रहण, आणि मोठ्यानं लहानाला झाकून टाकलं तर पिधान. चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो ते पिधान.

धंतोलीकर सर
आणि माझे ग्रह नेमके या सीमेवर घोटाळा करतात! गुरू सूर्यासमोरून गेला तर लांबून पाहणाऱ्याला उजेड फक्त 1 टक्क्यानं कमी दिसेल. 2025 मध्ये जाहीर झालेल्या टीओआय-6894 बी या ग्रहाचं पाहा. त्याचा तारा वस्तुमानानं सूर्याच्या सुमारे पाचवा हिस्सा, ग्रह घेरानं शनीपेक्षा थोडा मोठा. साडेतीन दिवसांच्या आत एक फेरी, आणि दर फेरीला ताऱ्याचा सुमारे 17 टक्के उजेड गायब. ग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाच्या नोंदींत अशी घट ठळक उठून दिसते.

संत्रीवाला
बाप्पा! 17 टक्के? हे त खरंच अतिक्रमण झालं.

महालची मास्तरीण
चेष्टेत बरोबर बोललात. एवढ्याशा ताऱ्याभोवती एवढा ग्रह असायलाच नको होता. ग्रह जिच्यातून घडतात ती वायू-धुळीची तबकडीही लहान ताऱ्याभोवती लहानच, मग ग्रहाचा मोठा गाभा जमायला माल आला कुठून, हा अजून न सुटलेला पेच आहे. सर, 'महाकाय' मात्र जपून वापरा. तो ग्रह घेरानं शनीहून मोठा, पण वजनानं शनीच्या निम्म्याच्या आसपास. उजेडाच्या घटीवरून फक्त आकार कळतो. गुरू, तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण तारा न झालेले गोळे) आणि अगदी लहान तारे आकारानं जवळपास सारखेच असतात, म्हणून ग्रहाच्या ओढीनं होणारी ताऱ्याची डुगडुग मोजून वस्तुमान काढल्याशिवाय सहसा ग्रह म्हणत नाहीत.

नवीन सदस्य
मध्येच बोलतो, सर. 'थंड तारा' वाचून पोरं हसतील. 3000 अंशाचं थंड? आपल्याला मेमधले 45 सोसवत नाहीत.

धंतोलीकर सर
हो, सूर्य साडेपाच हजार अंशांचा, त्या मानानं थंड. 'तांबडा बटू' लिहीन, म्हणजे रंगही कळेल.

महालची मास्तरीण
'खुजा'पेक्षा 'बटू' बरा, श्वेत बटूशी, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या लहानशा गाभ्याच्या नावाशी, जुळतो. त्यावरून आठवलं, 2020 मध्ये डब्ल्यूडी 1856 या श्वेत बटूभोवती गुरूएवढा ग्रह सापडला. ताऱ्याच्या सुमारे सातपट मोठा! तरी इंग्रजीत त्यालाही ट्रान्झिटच म्हणतात. माझ्या हिशेबानं ते पिधान.

संत्रीवाला
आमच्या आजीनं एका शब्दात सांगितलं असतं : आडवा गेला. मांजर आडवी जाते न, तसा.

धंतोलीकर सर
भाऊ, मथळा हाच. 'ताऱ्याला ग्रह आडवा गेला'. अधिक्रमण खाली, कंसात. आणि यावेळी टाइप मी स्वतः करतो.