उंच ग्लासात दूध ‘जास्त’ कसं?

लेक ५ वर्षांची, तिच्यासमोरच वाटीतलं दूध उंच ग्लासात ओतलं तरी म्हणते आता जास्त झालं, परत वाटीत ओतून दाखवलं तरी तेच, काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर १: अगं नॉर्मल आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या थिअरीत २ ते ७ वयाची मुलं एकाच गोष्टीवर अडकतात, इथे उंची. साधारण ७ ला येतं आपोआप, शिकवत बसू नकोस.

उत्तर २: पियाजेने पोरांना जरा कमीच लेखलं असं माझं मत. १९७४ च्या सुमारास मॅकगॅरिगल-डोनाल्डसन या संशोधकांच्या प्रयोगात सोंगट्यांच्या सारख्या दोन ओळींपैकी एक खेळण्यातल्या ‘खोडकर’ टेडीने विस्कटली तर बरीच मुलं ‘अजून सारख्याच आहेत’ असं बरोबर बोलली, मोठ्यांनी मुद्दाम हलवून ‘सारख्या आहेत का’ हाच प्रश्न परत विचारला की गोंधळायची.

उत्तर ३: दूध पीत नसेल तर पसरट वाटीत दे, कमी वाटेल 😄