भाजीच्या गाडीसाठी पिकअप कुठली घेऊ? जुनी कंपनी आता सोडावी म्हणतोय

खानापूरचा_गडी: आमच्या घरात वडिलांपासून एकाच कंपनीच्या गाड्या ओ, पण आता मन उडालंय, शोरूमवाले गाडी विकेपर्यंत गोड बोलतात आणि नंतर साधा क्लचचा पार्ट मागितला तर फोन उचलत नाहीत. रोज भाजी घालून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटातनं गोव्याला जायचं असतंय. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, नाहीतर टाटाचीच इंट्रा व्ही ५० यातली कुठली बरी?

घाटवाला: नुसता लोड बघू नका. योद्धा २.० ला कंपनी २ टन पेलोड सांगतीय, २०२२ ला आलीय, इंजिन २.२ लिटर. बोलेरोला २.५ लिटरचं आणि १.७ टनाचं मॉडेल मिळतंय. इंट्रा व्ही ५० ला १.५ टन पण इंजिन १.५ लिटरचंच, सपाटीला झकास, भरल्या गाडीनं चोर्ला चढताना मात्र गिअर सारखे खाली टाकावे लागणार बघा. पावसात उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गिअरातच उतरवा.

निपाणीकर: माझं मत बोलेरो, कारण कुठल्याबी गावचा मेस्त्री उघडतोय आणि जुनी विकताना गिऱ्हाईक लगेच मिळतंय. वडिलांनी घेतली म्हणून आपण घ्यायची हे दिवस गेले की ओ, हप्ता आपल्यालाच भरायचाय.

बेळगावी_ड्रायव्हर: अशोक लेलँडची ‘दोस्त’ गाडी पण चालवून बघा, गल्लीत वळवायला सोपी. आणि टेस्ट ड्राईव्ह रिकामी घेऊ नका, माल घालूनच मागा, नाही म्हणाले तर तिथनं उठा.