प्रोजेक्टरवर ‘नो सिग्नल’: आधी केबलची लांबी बघा
लॅपटॉप जोडूनही प्रोजेक्टरवर ‘नो सिग्नल’ आलं की प्रोजेक्टरच बिघडला असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ (दोन्हीकडे एकच चित्र) निवडायचा सल्ला देतात तो बरोबर आहे, पण केबलच्या लांबीबद्दल कुणीच बोलत नाही. लॅपटॉपचं चित्र प्रोजेक्टरपर्यंत नेणारी साधी तांब्याची एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे गेली की सिग्नल क्षीण होतो.

गणपतीत आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत २० मीटरची टाकली होती. चित्र सारखं जायचं, पोरं पार हिरमुसली. शेवटी लॅपटॉपच प्रोजेक्टरशेजारी नेला, २ मीटरची केबल जोडली आणि आवाजाची लांब वायर तेवढी स्पीकरपर्यंत नेली. मग शेवटपर्यंत चित्र एकदाही गेलं नाही. आणि चित्र तिरकं पडत असेल तर कीस्टोन (ते चौकोनी करणारं प्रोजेक्टरमधलं सेटिंग) वापरण्याआधी प्रोजेक्टरचं टेबल सरकवून बघाच. कीस्टोननं स्पष्टता घटते, बारीक अक्षरांच्या वेलांट्या पुसट होतात.